फुकटच्या सुट्टीचं भाडं

१८ एप्रिल

ताई,

पत्र माझंच आहे. वर्षाला एक पत्र टाकणारा भाऊ दोन महिन्यांत दुसऱ्यांदा लिहितोय म्हणून कुणाला काही झालं असेल असं समजू नकोस. सगळं जागेवर आहे. मी आहे, नदी आहे, होडी आहे.

काम असं, की यंदाच्या सुट्टीत तुम्ही सगळे माझ्याकडे या. म्हणजे माझ्या घरी या, मी नसेन. दाढेचं काम काढलंय, त्यासाठी शहरात पंधरा दिवस राहावं लागेल. तेवढे दिवस मी तुमच्या घरात राहतो, तुम्ही माझ्या. दोन खोल्या आहेत, ओटा थेट नदीवर आहे, वारा चोवीस तास. तू दरवर्षी कुठली तरी बिनखर्चाची जागा हुडकून काढतेस. गेल्या साली बंद शाळेच्या वाचनालयात चौघं टेबलांवर झोपलात. त्याच्या आधी दाजींच्या मित्राच्या रोपवाटिकेत, जिथं रोज पहाटे पाण्याचे फवारे अंगावर यायचे. त्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

एकच बारीकशी अट आहे. मी नसलो तरी होडी चालली पाहिजे. नगरपालिकेची परवानगी मी काढतो. दोर कोण ओढतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दोन्ही काठांना बांधलेला जाड दोर आहे, होडी त्याला कड्यांनी अडकवलीय. दोर ओढला की होडी जाते. वल्हं नाही, शीड नाही, अक्कल लागत नाही. एकोणीस वर्षं मी करतोच आहे.

१ मे ते १५ मे. हो म्हण.

तुझा भाऊ

&nbsp;

२१ एप्रिल

ठोंब्या,

तुझी दाढ दुखते हे वाचून घरात सगळे पोट धरून हसलो. अरे, तू दातांनी बाटल्यांची बुचं उघडणारा माणूस. लहानपणी माझ्या पेटीचं कुलूप तू दातांनी वाकवलं होतंस, ते अजून माझ्याकडे आहे. तुला दाढ दुखण्याइतकी समज कधी आली?

आणि मला सांग, एकोणीस वर्षांत तू ती नदी किती वेळा सोडलीस? माझ्या लग्नाला सकाळच्या बसने आलास आणि जेवणाची पंगत उठायच्या आत परतीच्या बसमध्ये बसलास. का, तर म्हणे पाच वाजता माणसं काठावर येऊन उभी राहतात. असा माणूस पंधरा दिवस माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खुराड्यात येऊन राहणार? माझ्या तोंडाला पानं पुसू नकोस. खरं काय ते लिही.

बाकी जागा मला एकदम पसंत आहे. चिंगीने आजच पोहायचे कपडे काढून ठेवले. सासूबाईंनी तर पिशवी भरलीसुद्धा. हे मात्र गंभीर झालेत. बावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेला माणूस, होडी म्हटल्याबरोबर पहिला प्रश्न काय विचारला असेल? "किती सीट?" मी म्हटलं, फळ्या आहेत. तर म्हणाले, "उभ्याने किती?"

पत्रं पोस्टात टाकत बसू नकोस. आमच्याकडून रोज सकाळी निघणारी बस दुपारी दोनला तुझ्या घाटाशी पोचते आणि तशीच परत फिरते. तिच्यावरचे कंडक्टर सगळे ह्यांचे दोस्त. त्यांच्या हातात दे. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पडेल आणि तिकीट लागणार नाही.

खरं काय ते लिहिल्याशिवाय मी येत नाही. (येणार आहे, पण तरी लिही.)

ताई

&nbsp;

२३ एप्रिल

ताई,

दाढ दुखत नाही. झालं समाधान?

पलीकडच्या काठावर जनावरांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई राहतात अलीकडे, आमच्या गावाच्या दुसऱ्या टोकाला. सहा वर्षं झाली. सकाळी आठला माझ्या होडीतून पलीकडे जातात, संध्याकाळी पाचला परत येतात. पुढच्या फळीवर डावीकडे बसतात. खाली चार मैलांवर पूल झाल्यापासून बाकीची गर्दी तिकडे गेली, आता रोजचे म्हणजे शाळेचे मास्तर, दोनचार भाजीवाल्या आणि बाई. दवाखाना घाटासमोरच असल्यामुळे बाईंना पुलाचा वळसा परवडत नसणार.

बोलणं म्हणशील तर "पाणी चढलंय" आणि "आज वारा आहे". एकदा त्यांच्या हाताला पट्टी होती. मी विचारलं, "लागलं का?" त्या म्हणाल्या, "रेड्याने ढुशी दिली." त्यावर मी आठवडाभर खूश होतो. काय करणार, नदीच लहान आहे. मी काही बोलायचं ठरवेपर्यंत पलीकडचा काठ येतो.

आता त्यांना बढती आलीय. मोठ्या दवाखान्यात, इथून पुरा एक दिवसाचा प्रवास. होकार कळवायची मुदत १५ मे. हे त्या मास्तरांना सांगत होत्या आणि मी दोर ओढत ऐकत होतो. ताई, माझे हात त्या दिवशी दोरावरून दोनदा सटकले.

मला एवढंच बघायचंय, की मी दिसलो नाही तर त्या माझी चौकशी करतात का. एकदा. स्वतःहून. केली, तर त्याच दिवशी मला कळव. मी येतो आणि तोंड उघडतो. नाही केली, तर मी कोण त्यांची बढती अडवणारा? त्यांना जाऊ दे.

कुणी त्यांना टोचायचं नाही, सुचवायचं नाही. आणि तुझ्या सासूबाईंना यातलं एक अक्षर कळता कामा नये.

तुझा भाऊ

&nbsp;

२ मे

ठोंब्या,

पोचलो. काय जागा आहे रे! इतकी वर्षं आम्हाला बोलावलं नाहीस म्हणून आधी तुझा कान उपटणार आहे. सकाळी ओट्यावर चहा घेतला तर पायाखालून पाणी वाहत होतं. चिंगी काल दुपारी पाण्यात उतरली ती जेवायला हाक मारली तेव्हाच बाहेर आली, बोटं सगळी सुरकुतलेली. मी तर कालपासून एकदाही घड्याळ बघितलं नाही.

घड्याळ बघायला हे आहेत. पहिल्या फेरीतच ह्यांना तुझ्या कारभाराचा राग आला. माणूस काठावर आला की होडी सोडायची, हा काय प्रकार? ह्यांनी एका फळीवर खडूने वेळापत्रक लिहून काठावर रोवलंय. सकाळी आठ, साडेदहा, दुपारी दोन, तीन पन्नास, पाच. मधल्या वेळी कुणी कितीही हाका मारल्या तरी होडी हलत नाही. भाजीवाल्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा म्हणाले, "बाई, गाडी वेळेवर सुटते म्हणून तिला गाडी म्हणतात." होडीत चार माणसं असली तरी "मागं सरका, मागं सरका" चालूच असतं. रोजच्या फेऱ्यांची वहीसुद्धा घातलीय; कोण चढलं, कुठं उतरलं, वाटेत काय घडलं. अरे, वाटेत काय घडणार? नव्वद हात तर नदी. पण बावीस वर्षांची सवय. हातांना फोड आलेत आणि चेहरा असा फुललाय, की मी हा माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच बघतेय.

तुझ्या बाई आल्या होत्या. उंच आहेत, केस मागं घट्ट बांधलेले, हातात औषधांची पेटी. ह्यांच्याकडे बघितलं, वेळापत्रक वाचलं, पुढच्या फळीवर डावीकडे बसल्या. संध्याकाळी तशाच परत. चौकशी केली नाही. पण पहिलाच दिवस आहे, लगेच धीर सोडू नकोस.

सासूबाईंना मी काही सांगितलेलं नाही. त्यांनी घाटावरच्या दगडावर आपली उशी टाकलीय आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करत बसतात. दोन दिवसांत त्यांना अर्ध्या गावाची सोयरीक पाठ झाली.

कुंडीतल्या रोपांना रोज पाणी घाल. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेशी गप्पा मारू नकोस, ती सोडत नाही.

ताई

&nbsp;

४ मे

ताई,

शिक्षिकेबद्दलची सूचना एक दिवस उशिरा आली. काल त्यांनी मला जिन्यात पाऊण तास उभं केलं. मला होडीची इतकी आठवण जन्मात आली नव्हती. होडीत माणूस नव्वद हातांनी उतरून तरी जातो.

तुमच्या घरात माणसं कशी राहतात? सकाळी नळ दहा मिनिटं येतो आणि त्या दहा मिनिटांत सगळी इमारत बादल्या घेऊन धावते. मी आयुष्यभर पाण्यावर राहिलेला माणूस, पहिल्या दिवशी झोपूनच राहिलो. मग खालून दोन बादल्या चढवल्या. हात मोकळे राहिले की काय करावं कळत नाही; तुमच्या खिडकीच्या पडद्याची दोरी ओढून ओढून तुटली आहे, जाताना बांधून देईन.

तू लिहितेस "वेळापत्रक वाचलं". वाचून काय केलं? तोंड कसं होतं? माझ्या जागी दाजींना बघून थबकल्या की नाही? तू एवढी पत्राची पानं भरतेस आणि जे विचारलंय त्याच्या दोन ओळी. काल काय झालं, आज काय झालं, शब्द न शब्द लिही.

आणि दाजींना सांग, आठच्या फेरीला त्या एखाद मिनिट उशिरा येतात. थांबावं.

तुझा भाऊ

&nbsp;

७ मे

ठोंब्या,

पडद्याची दोरी मी लग्नात आणलेली होती. असो.

इथं बहार आहे. काल ह्यांनी होडीत एका बकरीवरून वाद घातला. मालक म्हणाला बकरीचं भाडं नसतं, हे म्हणाले सामान म्हणून घ्या नाहीतर प्रवासी म्हणून घ्या, पण फुकट नाही. शेवटी बकरी पोहत गेली आणि होडीच्या आधी पोचली. चिंगी आता नदीच्या मधोमध उडी मारते. मी दुपारी ओट्यावर पाय सोडून झोपते. अरे, मी दुपारची शेवटची कधी झोपले होते, ते मला आठवत नाही. दरवर्षी सुट्टी म्हणजे चौघांची अंथरुणं कुठं घालायची आणि कुणाचं मन कसं राखायचं, यातच संपते. यंदा पहिल्यांदा वाटतंय की आपण कुठंतरी आलोय.

बाईंचं म्हणशील तर विशेष काही नाही. येतात, जातात. इकडचंतिकडचं बोलणं होतं. तू असा डोक्यात राख घालून घेऊ नकोस. जेव्हा सांगण्यासारखं असेल तेव्हा सांगेन.

हवा छान आहे. तू शहर बघ, बागेत जा. एवढा आलायस तर पंधरा दिवस पुरे कर, मध्येच उठून येऊ नकोस.

ताई

&nbsp;

१० मे

ताई,

समजलं. नऊ दिवस झाले. "विशेष काही नाही" याचा अर्थ मला कळतो, मी तेवढा ठोंब्या नाही. तुला माझं मन मोडवत नाही म्हणून तू बकऱ्यांच्या गोष्टी लिहितेस.

मी ठरवलंय. त्या गेल्यावर त्या होडीत मला दोर ओढवणार नाही. सकाळी आठला पुढची फळी मोकळी बघायची, पुन्हा पाचला बघायची, हे मला जमायचं नाही. इथं समोरच्या सहा मजली इमारतीत लिफ्टवर माणूस पाहिजे आहे. मी विचारलं, ते हो म्हणाले. काम ओळखीचंच आहे. माणसं आत येतात, पलीकडे नेऊन सोडायची. नगरपालिकेला राजीनामा लिहून ठेवलाय, १५ ला टाकतो. दाजींना इतकं आवडत असेल तर त्यांनी होडी घ्यावी.

तुझ्याशी खोटं बोललो त्याची शिक्षा मिळाली. नुसता बसून होतो म्हणून खालच्या शिक्षिकेच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तर खरंच एक दाढ किडलेली निघाली. १४ तारखेला काढणार आहेत.

त्यांना काही सांगू नकोस. बढती चांगली आहे. त्यांचं भलं होऊ दे.

तुझा भाऊ

&nbsp;

१२ मे

मेहुण्यांस,

विषय : सुट्टीच्या काळात होडीत घडलेल्या घटनांचा खरा अहवाल.

आपले १० तारखेचे पत्र काल मंडळींनी वाचले आणि ओट्यावर जाऊन बसल्या. जेवल्या नाहीत. कारण विचारले असता पत्र माझ्या हातात दिले. ते वाचून मी फेऱ्यांची वही काढली. आमच्या खात्यात वहीत लिहिलेले खोडत नाहीत. त्यातील नोंदी जशाच्या तशा खाली उतरवून देत आहे.

३ मे, सकाळी ८. प्रवासी : मास्तर, डॉक्टरीणबाई. काठ सुटताच बाईंनी विचारले, "ते कुठे आहेत? बरे आहेत ना?" मी उत्तर देण्यापूर्वी घाटावरून मातोश्रींनी ओरडून सांगितले, "मुलगी बघायला गेलाय!" बाई उतरताना औषधांची पेटी होडीत विसरल्या. पेटी मी दवाखान्यात नेऊन दिली.

५ मे, सायंकाळी ५. प्रवासी : बाई एकट्या. विचारले, "ते कधी येणार?" मातोश्री : "पसंत पडली तर राहील आणखी."

८ मे, सकाळी ८. बाईंनी थेट मातोश्रींना विचारले, "पसंत पडली का?" मातोश्री : "बोलणी चाललीत. मुलगी गोरी आहे."

११ मे, सकाळी ८. बाईंनी मास्तरांना सांगितले, की बढती स्वीकारायचे ठरवले आहे. होकाराचे पत्र १५ तारखेला पलीकडच्या पोस्टात टाकणार. त्या दिवशी त्यांची सकाळची रजा आहे आणि पोस्टाची थैली दुपारी तीनला बंद होते, म्हणून दोनच्या फेरीने जाणार.

मातोश्रींची चौकशी केली. त्यांचे म्हणणे, की असे सांगितले म्हणजे बायकांना धास्ती वाटते आणि त्या बोलून टाकतात. त्यांनी आजवर याच उपायाने अनेक लग्ने जुळवली आहेत. येथे उपाय लागू पडला नाही, हे त्यांना मान्य आहे. आपले गुपित त्यांना निघण्यापूर्वीच आमच्या मंडळींकडून कळले होते, हेही नोंदवतो.

आपली बस १५ तारखेला दोनच्या सुमारास घाटावर पोचते. राजीनामा टाकू नये. बसमध्ये बसावे.

आपला,
कंडक्टर (हल्ली होडीवर)

वाचलं. सगळं खरं आहे. ह्यांनी खाली सही करायला लावली म्हणून नाही, मला स्वतःला लिहायचंय. त्यांनी तिसऱ्या तारखेलाच विचारलं होतं रे. सासूबाईंनी घोळ घातला, तेव्हा मला वाटलं की आपण हळूच निस्तरू आणि मग तुला कळवू. पण ते काही सगळं खरं नाही. तुला कळवलं असतं तर तू त्याच दिवशी येऊन धडकला असतास आणि माझी सुट्टी चौथ्या दिवशी संपली असती. मला इथून हलायचं नव्हतं. पाच तारखेला सांगायचं म्हटलं, मग सहाला, मग जीभच उचलेना. तुझ्या सहा वर्षांपुढे मी माझी दुपारची झोप मोठी केली. माझी मलाच लाज वाटते. मी आज बाईंना गाठून सगळं सांगायला निघाले होते, पण ह्यांनी अडवलं. म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी पुष्कळ सांगितलंत. आता ज्याचं त्याला सांगू दे."

ये रे. शिव्या द्यायच्या तर नंतर दे.

ताई

&nbsp;

१७ मे

ताई, नमस्कार.

जाताना तुम्ही माझ्या दारात ठेवलेली चिठ्ठी मिळाली. तुम्ही त्यात चार वेळा माफी मागितली आहे, तेवढी लागत नाही. तुमच्या भावांना बोलायचं अजून सुचत नाहीये, आणि तुम्हाला सगळं जाणून घ्यायची घाई असणार, म्हणून मीच लिहिते. त्या दिवशी तुम्ही चिंगीला घेऊन खोलीत दार लावून बसला होतात, ते बरं केलंत. तुमच्या सासूबाई मात्र दगडावरच होत्या.

पंधरा तारखेला मी होकाराचं पत्र घेऊन घाटावर आले. होडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. मी हाक मारली. कंडक्टरसाहेबांनी मान वर केली नाही. नदीच्या मध्यावर पोचल्यावर तिथूनच म्हणाले, "दोनची फेरी गेली. पुढची तीन पन्नास." माझ्या घड्याळात तेव्हा एक वाजून बावन्न मिनिटं झाली होती. मी कुणावर आरोप करत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, बावीस वर्षांत त्यांची गाडी कधी वेळेआधी सुटली नाही. बहुतेक माझंच घड्याळ मागं असेल. मी ते घड्याळवाल्याला दाखवलं, तो म्हणाला बरोबर आहे.

थोड्या वेळाने बस आली आणि तुमचे भाऊ उतरले. उजवा गाल इतका सुजलेला, की मी आधी ओळखलंच नाही. मग मी बसले होते त्या घाटावरच्या बाकावर ते येऊन बसले, माझ्यापासून बरेच लांब. मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी गालाकडे बोट केलं. मी पेटी उघडली, उजेडाकडे तोंड करून आ करायला सांगितलं. जनावरांचे दात मी रोज बघते. माणसांचे त्यापेक्षा सोपे असतात. सूज नेहमीची होती, काळजीचं नव्हतं. पण तपासून झालं तरी माझा हात त्यांच्या हनुवटीखाली राहिला होता, आणि त्यांचं तोंड उघडंच होतं.

मी म्हटलं, "मुलगी गोरी आहे म्हणे."

त्यांनी इतक्या जोरात मान हलवली, की बिचाऱ्यांना कळ आली. मग हळूहळू, अर्ध्या तोंडाने, सगळं सांगितलं. दाढ, चौकशी, पत्रं, लिफ्ट. सहा वर्षांत ते माझ्याशी जेवढे शब्द बोलले असतील त्याच्या कितीतरी पट जास्त, आणि निम्मे मला समजले नाहीत. शेवटचं वाक्य मात्र स्पष्ट होतं. ते म्हणाले, "जाऊ नका."

तीन वाजून गेले होते. पलीकडे पोस्टाची थैली बंद झाली असणार. पत्र माझ्या पर्समध्येच होतं, अजून आहे.

ताई, खरं सांगते, मला आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग भयंकर राग आला. मी म्हटलं, "मी तुमची चौकशी करते का हे बघायला तुम्ही पंधरा दिवस शहरात जाऊन बसलात?" ते म्हणाले हो. मी म्हटलं, "दवाखान्याला गेल्या जूनमध्ये जीप मिळाली आहे. ड्रायव्हर रोज सकाळी पुलावरून मला न्यायला येतो आणि संध्याकाळी सोडायला तयार असतो. मी त्याला रोज रिकामा परत पाठवते. सकाळीही आणि संध्याकाळीही."

त्यांनी बराच वेळ विचार केला. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून. मग मला विचारलं, "मग तुम्ही होडीने का येता?"

दगडावरून तुमच्या सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, तो मला बाकापर्यंत ऐकू आला.

मी तशीच बसून राहिले. सूज नसलेला अर्धा चेहरा बदलताना मी बघत होते, आणि मला कसलीही घाई नव्हती. कळायला त्यांना नदी पार करण्याइतका वेळ लागला. तेव्हा त्यांनी माझी पेटी उचलून पलीकडे ठेवली आणि मधल्या रिकाम्या जागेत सरकून बसले.

तीन पन्नासला होडी काठाला लागली. कंडक्टरसाहेबांनी आमच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि "मागं सरका" असं कुणालाही न म्हणता होडी रिकामीच परत घेऊन गेले.

तुमची,
पलीकडच्या दवाखान्यातली